संकेतार्थ

हरसूलच्या पुढे, आश्रमशाळेत
मी मराठी शिकवतो.
क्रियापदाचे अर्थ चार:
स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ.
शेवटचा पोरांना जड जातो.
जे घडलंच नाही त्याची दोन वाक्यं
'तर'ने सांधायची.

म्हणून निनाद आला तेव्हा पाड्याने मलाच बोलावलं.
चांगला मुलगा. चिखलाला कुरकुरला नाही,
जानकू बेंडकोळीने दिलेली नागलीची भाकर
ठेच्यासकट खाल्ली, डोळे पुसत हसला.
मग लॅपटॉप गारंबीच्या वेलीवर टेकवून म्हणाला,
सर, एवढं एक वाक्य त्यांच्याकडून हवंय.

हा प्रकल्प आला नसता
तर आम्ही ही देवराई तोडली असती.

जानकूने दोनदा वाचायला लावलं.
"कोन तोडनार व्हतं?"

इथली वाळकी काटकीही चुलीत जात नाही.
देवकाबाईचा नवरा ऐन श्रावणात गेला,
सरणाचं लाकूड खालच्या शिवारातून आणलं,
ओलं,
दुपारपर्यंत पेटेना,
आणि वर कुसुंबाच्या वाळक्या फांद्या
कुणी मान वर करून पाहिल्या नाहीत.

निनाद म्हणाला, तीच तर अडचण आहे.
जे वाचणारच होतं त्याला बाजारात भाव नाही.
तुमची नियत इतकी साफ आहे
की आकडा शून्य येतो.

ज्यांना आकडा हवा होता
त्यांनी सिन्नरकडे एक तळं बुजवलं होतं, गोदामासाठी.
तिथलं उणे, इथलं अधिक,
खाली रेघ:
काही गेलं नाही.
हिशेबात चूक काढता येईना मला.
फक्त रात्री ती जांभळी पाणकोंबडी डोळ्यांपुढे यायची,
लव्हाळ्यातून चालायला दिलेली लांब बोटं घेऊन.
तिला कोण सांगणार,
बाई, तू आता ऐंशी किलोमीटर लांब
डोंगरात आहेस, बेहड्याच्या झाडावर,
सुखरूप?

सभेत पोरं म्हणाली, शब्दच तर आहे.
टाकी होईल, दिवे येतील.
मीही म्हणालो.
व्याकरणाचा माणूस, मला माहीत होतं,
संकेतार्थात कुणी काही करत नसतं.
जानकूचा अंगठा मीच शाईत दाबला.
त्याने तो नंतर मातीला पुसला,
मातीला, धोतराला नाही.

टाकी झाली. खोटं कशाला बोलू,
पाणी गोड आहे.

दुसऱ्या वर्षी भाव उतरला,
लासलगावला उतरतो तसा, एका सकाळीत.
निनादचा फोन लागेना.
तिसऱ्या वर्षी एक पांढरी जीप आली,
लाकडाचा व्यापारी, पेठकडचा,
हातात आमच्याच कागदाची झेरॉक्स.
तुम्ही तोडणारच होतात ना, तो म्हणाला,
अगदी नम्रपणे, चप्पल बाहेर काढून.
पैसे थांबले म्हणजे
प्रकल्प आला नाही, असंच झालं.
मग पुढचं अर्धं वाक्य?

जानकू काही बोलला नाही.
पण त्याचा धाकटा, सोमा,
वीस वर्षं या झाडांखालून गेलेला,
पहिल्यांदाच मान वर करून
कुसुंबाचा घेर डोळ्यांनी मोजत होता.
मी पाहिलं ते.
जीप रिकामीच परतली त्या दिवशी.
त्या दिवशी.

काल सहामाहीचे पेपर तपासत होतो.
प्रश्न तिसरा: संकेतार्थी वाक्य लिहा.
जानकूची नात यमी, तिचं अक्षर गिचमिड, 
पण हे स्वच्छ लिहिलेलं:

सरांनी ते वाक्य वाचून दाखवलं नसतं तर

पुढे कोरं.
पूर्णविरामही नाही.
दोनपैकी किती द्यायचे,
लाल पेनाचं टोपण हातात घेऊन
मी बराच वेळ बसलोय.